पंचांचं नाक

चेंडू नाकाशी धरून डोळे मिटणारा माणूस मी एकच पाहिला. आठवडाभर ते बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या रसायनांच्या कारखान्यात, लॅबमध्ये माझे साहेब असायचे, आणि रविवारी आसपासच्या गावांतल्या टेनिस बॉल स्पर्धांमध्ये पंच. दोन्हीकडे काम एकच आहे असं त्यांचं ठाम मत होतं. समोर आलेला माल शुद्ध आहे की नाही, एवढंच बघायचं.

लॅबमध्ये आम्ही त्यांना सर म्हणायचो. गावोगावची पोरं त्यांना 'नाकवाले पंच' म्हणायची. हे त्यांच्या कानावर होतं आणि चिडण्याऐवजी त्यांना ते बढती मिळाल्यासारखं वाटायचं.

मैदानावर ते पांढरा कोट घालायचे. आमच्या भागात पंचाने कोट घालायची पद्धत कधीच नव्हती. इथे पंच म्हणजे ज्याची बॅटिंग होऊन गेली आहे असा कोणीतरी, पायात चप्पल आणि कानाला मोबाइल. सरांचा कोट लॅबचाच होता. खिशावर निळ्या शाईचा डाग, बाहीला कुठल्याशा ॲसिडने पडलेली दोन भोकं. भात कापून सपाट केलेल्या शेताच्या मधोमध ते त्या कोटात उभे राहिले की हा सामना आहे की मोतीबिंदूचं शिबिर, असा नवख्याला प्रश्न पडायचा. कुठल्याही संघाचा चहा ते घेत नसत. पाण्याची बाटली घरून आणायचे आणि ती यष्ट्यांमागे, स्वतःच्या नजरेच्या टप्प्यात ठेवायचे.

प्रत्येक षटक संपलं की गोलंदाजाने चेंडू त्यांच्या हातात द्यायचा. ते तो बोटांनी फिरवून बघायचे, मग नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि मनात तीन आकडे मोजायचे. मग एक शब्द, "पुढे." भानगड असली तर दोन शब्द, "पाच. पुढे." पाच म्हणजे समोरच्या संघाला पाच धावा दंडाच्या. वाद घालायला आलेल्याशी ते बोलायचेच नाहीत. बूट बांधायला खाली वाकायचे आणि तो माणूस कंटाळून परत जाईपर्यंत बांधतच राहायचे.

बॉल टेम्परिंग या शब्दाचा त्यांना राग होता. "दुधात पाणी घातलं तर आपण काय म्हणतो?" ते डबा खाताना विचारायचे. "दुधाशी छेडछाड झाली म्हणतो? भेसळ म्हणतो. मग चेंडूलाच का लाडाचं नाव?"

डबा खाताना हा विषय निघाला की तो डबा संपेपर्यंत चालायचा. परदेशातल्या कुठल्याशा खेळाडूने पँटमध्ये पॉलिश पेपर लपवला होता, तो कॅमेऱ्यात सापडला आणि त्याचा कप्तान पत्रकारांपुढे ढसाढसा रडला, हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलं होतं की त्या रडण्याचे टप्पे मला पाठ होते. क्रिकेट संपलं की बेसबॉल. बेसबॉलचा सामना त्यांनी उभ्या जन्मात बघितला नव्हता. पण तिथले चेंडू फेकणारे टोपीच्या कडेला चिकट राळ लावून ठेवतात, पूर्वीचे थुंकी लावायचे, आणि एका संघाने तर समोरच्यांच्या खुणा कॅमेऱ्यातून चोरून कचऱ्याचा डबा बडवून आपल्या फलंदाजाला कळवल्या, हे सगळं त्यांना शेजारच्या बिल्डिंगमधल्या भांडणासारखं तपशीलवार माहीत होतं. "एवढा श्रीमंत देश," ते म्हणायचे, "आणि चोरीचं साधन काय, तर कचऱ्याचा डबा." यात त्यांना जास्त दुःख चोरीचं होतं की डब्याचं, ते मला कळलं नाही. प्लांटवरचा एक ऑपरेटर त्यांना मुद्दाम विचारायचा, "सर, इसमें नौकरी जाती है क्या?" त्यावर सर पोळीचा तुकडा हातात धरून गंभीरपणे म्हणायचे, "जानी चाहिए."

पालघरला त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. तिथल्या भिंतीतल्या कपाटात काचेच्या बरण्या होत्या आणि प्रत्येक बरणीत एकेक चेंडू. कारखान्यात प्रत्येक बॅचचा नमुना राखून ठेवतात, उद्या तक्रार आली तर दाखवायला. सरांनी दंड केलेला प्रत्येक चेंडू तसाच राखून ठेवला होता. वर चिठ्ठी: गावाचं नाव, षटक, भेसळीचा प्रकार. व्हॅसलीन. खोबरेल. मेण, मेणबत्तीचं. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. त्या म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे लोणचं प्लॅस्टिकच्या डब्यात आणि काच चेंडूंना. काही बोलायची सोय नाही."

त्यातल्या एका बरणीवर 'ताडी' असं लिहिलं होतं. तो प्रसंग माझ्यासमोरच घडला. आतल्या डोंगराकडच्या एका गावाचा संघ होता. त्यांचा गोलंदाज प्रत्येक षटकाआधी सीमारेषेवर जाऊन मडक्यातून घोटभर प्यायचा आणि बोटं न पुसता परत यायचा. ताडी वाळली की बोटं चिकट होतात, चेंडूवरची पकड घट्ट बसते आणि तो हवा तसा वळवता येतो. बेसबॉलवाले राळेने जे करतात, ते हे लोक ताडीने करत होते. सरांनी चेंडू नाकाशी धरला, डोळे मिटले आणि या वेळी तिनाच्या पुढे मोजलं.

"पाच," ते म्हणाले. "ताडी आहे. आणि कालची आहे. आजचीला एवढा आंबट वास नसतो."

त्यांचा म्हातारा कप्तान पुढे आला. "साएब, ताडी आमी पितो. बॉल नाय पीत."

"बॉलच जास्त प्यायलाय," सर म्हणाले आणि बूट बांधायला वाकले.

म्हाताऱ्याने त्यांच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं. मग आपल्या पोरांकडे वळून म्हणाला, "कालची हाय ते पन वळखलान. चला, खेला." त्या दिवसापासून नाकवाले पंच ही कीर्ती सातपाटीपासून दातिवऱ्यापर्यंत पोचली. स्पर्धांच्या जाहिरातींवर बक्षिसांच्या खाली त्यांचं नाव छापू लागले.

ते नाक गेलं, हे मात्र फक्त मला माहीत होतं.

साथीच्या दुसऱ्या लाटेत ते आजारी पडले आणि महिन्याभराने कामावर आले. त्याच आठवड्यात त्यांनी कुजक्या मासळीसारखा वास मारणाऱ्या एका रसायनाची बाटली उघडली आणि तिच्यावर वाकून शांतपणे लेबल वाचत बसले. मी मागच्या टेबलावर होतो, तिथे मला नाक दाबावं लागलं. मी धावत जाऊन झाकण लावलं. त्यांनी आधी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

आमच्याकडे प्रत्येक बॅचच्या बऱ्याच तपासण्या मशीनवर होतात, पण रजिस्टरचे पहिले तीन रकाने माणसाचे असतात: रंग, स्वरूप आणि वास. वास बिघडला तर आतलं काहीतरी बिघडलं, हे मशीनच्या आधी कळतं. तो रकाना वर्षानुवर्षं सरांचा. त्या दिवशी दुपारी त्यांनी नमुन्याची बाटली माझ्यासमोर आणून ठेवली आणि म्हणाले, "वास सांग." मी म्हणालो, "नेहमीचा." त्यांनी रजिस्टरमध्ये 'नेहमीचा' लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली. असं पुढे दोन वर्षं चाललं. एकदा मी "किंचित जळका" म्हणालो तर त्यांनी सगळी बॅच थांबवली. प्लांटवाले येऊन ओरडून गेले, तरी त्यांनी मला पुन्हा वास घ्यायला सांगितलं नाही. मी म्हणालो म्हणजे जळका.

एवढंच एकदा ते याबद्दल बोलले. "रिटायर व्हायला तीन वर्षं आहेत. नाक गेलं म्हटलं तर मला लॅबमध्ये ठेवणार नाहीत. डिस्पॅचला बसवतील, ट्रकचे कागद तपासायला. लॅबशिवाय मला काय येतं रे?" मी म्हणालो, कोणाला कळणार नाही. मला ते मनापासून वाटत होतं.

मैदानावर त्यांनी नाकाचा विधी सोडला नाही. डोळे मिटायचे, तीन मोजायचे, "पुढे." दोन वर्षांत दंड जवळजवळ झालाच नाही, आणि लोक म्हणाले, पंचांच्या धाकाने खेळ सुधारला. ते अगदीच खोटं नव्हतं. ज्याला भेसळ करायची तो त्यांच्या सामन्यात करतच नसे.

आता यातल्या माझ्या वाट्याकडे येतो. इथे मला स्वतःबद्दल फारसं चांगलं बोलता येणार नाही.

माझं गाव तारापूरच्या बाजूला. आमच्या संघाचा कप्तान माझा चुलतभाऊ, त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. त्या वर्षी आमचं गाव पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचलं होतं. समोर दातिवऱ्याची पोरं, होड्यांवर काम करून खांदे दगडासारखे झालेली. आठवडाभर आधी दादा घरी आला.

"तुमच्या लॅबमदी कायतरी असंल ना," तो म्हणाला, "बॉलची लव सैल करनारा?"

टेनिस बॉलची एका बाजूची लव काढली की तो हवेत वळतो, हे दादाला अनुभवाने माहीत होतं. कशाने काढायची, ते मला शिक्षणाने माहीत होतं. मी त्याला समजावून सांगितलं, आणि सांगताना मला शहाणा असल्यासारखं वाटत होतं, हेही कबूल करतो. ॲसिटोन. आम्ही काचेची भांडी धुवायला वापरतो. रुमालावर घेऊन चोळलं की खालचा डिंक सुटतो आणि लव निघून येते. दुसऱ्या दिवशी मी छोटी बाटली भरून आणून दिली.

"पन तुमचा पंच वास घेतो," दादा म्हणाला.

"घेऊ दे."

"म्हंजी?"

"घेऊ दे म्हटलं ना."

मी त्याला याहून जास्त काही सांगितलं नाही. पण जे विकायचं ते विकून झालं होतं.

सामन्याच्या सकाळी दुसरे पंच आलेच नाहीत. सरांनी मला लेग अंपायर म्हणून उभं राहायला सांगितलं. "तुझं गाव खेळतंय, मला माहीत आहे," ते म्हणाले. "सरळ उभा राहशील?" मी म्हणालो, राहीन. दातिवऱ्याच्या कप्तानाला त्यांनी जाऊन विचारलं, याच्या गावाचा सामना आहे, चालेल का. तो हसला. "नाकवाले पंच हायेत ना? मग बाजूला कोनी बी उभा करा. आमची हरकत नाय."

आठ षटकांचा सामना. आमच्या गावाने आधी बॅटिंग केली, बऱ्यापैकी धावा झाल्या. दातिवऱ्याने सहा षटकांपर्यंत आरामात पाठलाग केला. सातवं दादाने टाकलं. चेंडू बाहेर जातोय असं वाटेपर्यंत आत वळला आणि यष्टी उडाली. पुढच्या दोन चेंडूंनंतर पुन्हा तेच. सीमारेषेवर माझे काका, शेजारी, आख्खी आळी नाचत होती.

षटक संपलं. सरांनी हात पुढे केला, चेंडू घेतला, फिरवला. एक बाजू टकली झाली होती, पण भाताच्या खुंटांवर चेंडू घासतोच, तेवढ्यावर कोणाला धरता येत नाही. त्यांनी चेंडू नाकाशी धरला आणि डोळे मिटले. मग डोळे उघडून चेंडू तळहातावर ठेवून बघितला. आणि दुसऱ्यांदा नाकाशी धरला. हे त्यांनी कधी केलं नव्हतं. लाउडस्पीकरवरचा समालोचक म्हणाला, "मंडळी, पंचांनी दुसऱ्यांदा वास घेतलेला आहे." यूट्यूबवर लाइव्ह चालू होतं.

दातिवऱ्याचा कप्तान समोरच्या टोकाला बॅट घेऊन उभा होता. "काय हाय, पंच? आमाला बी दाखवा."

"खेळणाऱ्याचं नाक चालत नाही," सर म्हणाले. "पंच दोन आहेत."

ते चालत माझ्याकडे आले. लॅबमध्ये बाटली धरायचे तसाच त्यांनी चेंडू माझ्यापुढे धरला.

"वास सांग."

मी चेंडू नाकाजवळ नेला. बायका नखांचा रंग काढतात तेव्हा येतो तो वास, इतका स्वच्छ की चुकायला जागाच नव्हती. मी वर बघितलं. दादा लांब उभा राहून हात पुसत होता. माझे काका सीमारेषेवर शांत झाले होते. 'ॲसिटोन' म्हटलं असतं तर गाव हरलं असतं, आणि ॲसिटोन कुठून आलं हे विचारायला कोणाला लांब जावं लागलं नसतं.

"काही नाही, सर," मी म्हणालो. "रबराचा."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "बरं," ते म्हणाले. मग वळून मोठ्याने, "पुढे."

आम्ही चार धावांनी जिंकलो. शेवटचं षटक आमच्या दुसऱ्या गोलंदाजाने टाकलं, पण रुमाल दादाचाच वापरून. सामना संपताच दातिवऱ्याच्या कप्तानाने चेंडू उचलला, हुंगला, आणि तडक समालोचकाच्या टेबलाकडे गेला. "ह्यो कसला वास, सांगा." समालोचकाने माइक बाजूला न घेताच सांगितलं, "नेलपॉलिश काढतात त्याचा." कॅमेरा सरांकडे वळला.

"दोनदा वास घेतलात तुमी," कप्तान म्हणाला. तो ओरडत नव्हता. "दोनदा घेऊन बी नाय आला? आमी तुमच्या नावावर खेलाया आलो."

मी दहा पावलांवर होतो. सर माझं नाव घेऊ शकले असते. लेग अंपायरला विचारलं, तो नाही म्हणाला, एवढं सांगितलं असतं तरी सुटले असते.

"निर्णय माझा होता," ते म्हणाले. "चुकला."

"चुकला का इकला?" मागून कोणीतरी म्हणालं. त्यावर सर बूट बांधायलाही वाकले नाहीत.

ती क्लिप संध्याकाळपर्यंत जिल्हाभर फिरली. सोमवारी आमच्या क्वालिटी मॅनेजरने सरांना केबिनमध्ये बोलावलं. मला दार उघडं ठेवून बाहेर थांबायला सांगितलं होतं. टेबलावर चिठ्ठी नसलेल्या तीन बाटल्या होत्या. मॅनेजर वयाने लहान होता, त्याला अवघडल्यासारखं झालं होतं. तो पहिल्या बाटलीचं झाकण उघडायला लागला तेव्हा सर म्हणाले, "नको. दोन वर्षं झाली."

"मग रजिस्टरमध्ये वास कोण लिहीत होतं?"

"सही माझी आहे ना? मग मीच."

त्यांना डिस्पॅचला बसवलं, ट्रकचे कागद तपासायला. वासाचा रकाना माझ्याकडे आला. आता खाली माझी सही असते. पंच म्हणून त्यांना पुन्हा कोणी बोलावलं नाही. आमच्या गावात चषक देवळाशेजारच्या समाजमंदिरात ठेवला आहे. मी तिकडे जायचं टाळतो. मला लाज वाटते, आणि ही लाज दादाला समजावून सांगता येत नाही, कारण त्याच्या मते चेंडू सगळेच घासतात.

सात-आठ महिन्यांनी एका रविवारी मी पालघरला त्यांच्या घरी गेलो. स्पर्धांचे दिवस पुन्हा सुरू झाले होते आणि ते भरदुपारी घरात बसून पेपर वाचत होते. काकूंनी चहा दिला. त्या आत गेल्यावर मी म्हणालो, "सर, त्या दिवशी वास होता."

"ॲसिटोन," ते म्हणाले.

मी कप खाली ठेवला. "तुम्हाला आला होता?"

"वास कुठला येतोय. तळहाताला गार लागला. टळटळीत ऊन, हात कोरडा, आणि चेंडू गार. उडून जाताना गार करतं ते. पस्तीस वर्षं लॅबमध्ये काढली, तेवढं तर हाताला कळतं."

म्हणजे मी 'काही नाही' म्हणालो, त्याच क्षणी त्यांना सगळं कळलं होतं. चेंडूवर काय आहे ते, आणि ते कोणी दिलं तेही. तरी ते 'बरं' म्हणाले होते.

"मग तुम्ही दंड का नाही केला?" मी विचारलं. विचारताना माझा आवाज चढला होता, जणू चूक त्यांची होती.

"गार लागला म्हणून दंड कसा करणार? लोकांनी विचारलं असतं, वास नाही आला का. मग नाक गेलंय हे सांगावं लागलं असतं. तेवढी हिंमत नव्हती माझ्यात." त्यांनी पेपरची घडी घातली, ती नीट बसली नाही म्हणून उघडून पुन्हा घातली. "म्हणून तुझ्याकडे आलो. मला वाटलं, तू सांगशील."